ओएई पास होती, तरी बेरा करायला हवी होती

लेक छत्तिसाव्या आठवड्यात झाली. तिसऱ्या दिवशी कावीळ इतकी चढली की बिलिरुबिन २८ वर गेलं आणि रातोरात रक्त बदलावं लागलं. अकरा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होती. घरी सोडायच्या सकाळी सिस्टरनी ओएई नावाच्या श्रवण-तपासणीसाठी तिच्या कानात एक मऊ रबरी बोंड बसवलं. मिनिटभरात दोन्ही कान झाले आणि यंत्रावर हिरवी अक्षरं उमटली, ‘पास’. डिस्चार्ज कार्डावर शेरा पडला : श्रवण नॉर्मल. मला हायसं वाटलं. एवढ्या धास्तीत निदान कानांची तरी काळजी मिटली.

तिसरा महिना संपता संपता सासूबाईंच्या हातून कुकरचं झाकण फरशीवर आपटलं. ही पाळण्यात टक्क जागी होती, पण पापणीसुद्धा हलली नाही. सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “अगं, हिला ऐकू येतं ना?” मी कपाटातलं कार्ड काढून दाखवलं. बाळाच्या डॉक्टरांनीही तेच कार्ड पाहिलं आणि थोडं थांबू म्हणाले. त्यात पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांचा राग अजून माझ्या मनातून जात नाही.

शेवटी आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पुन्हा ओएई लावली आणि त्याआधी ते बोंड माझ्याच कानात घातलं. टकटकटक असा बारीक, भरभर आवाज येऊ लागला. “हे यंत्र तुम्हाला ऐकवतंय,” त्या म्हणाल्या, “आणि तुमचा कान जे परत पाठवतोय, ते यंत्र ऐकतंय.” त्या इवल्याशा बोंडात स्पीकरही असतो आणि मायक्रोफोनही.

कान आवाज पाठवतो, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी कॉक्लिआ असते. तिच्यात साधारण बारा हजार बाह्य केसपेशी असतात. ध्वनी पोचला की त्या आखडतात, लांबतात आणि क्षीण आवाजाला जोर देतात. त्या हालचालीतला थोडा आवाज उलट पावली पडद्यापर्यंत येतो आणि पडदा तो बाहेर सोडतो. टक वाजल्यावर काही मिलिसेकंदांनी. उंच पट्टीचा आधी येतो, खालच्या पट्टीचा मागून, कारण उंच स्वरांची जागा शंखाच्या तोंडाशीच असते. तो इतका बारीक असतो की यंत्र शेकडो टकटकींची सरासरी काढतं तेव्हा कुठे दिसतो. म्हणूनच खोलीत पंखासुद्धा बंद होता.

कानात असं काही जिवंत यंत्र असणार, हे शास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच मांडलं होतं. तेव्हा ते फारसं कुणी मानलं नाही. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानातून येणारा तो प्रतिध्वनी नोंदवून दाखवला. मेलेल्या कानातून तो येत नाही, केसपेशी दुखावल्या तरी मावळतो. ऐकण्यात ३०-३५ डेसिबलहून जास्त घट असेल, तर बहुधा मिळत नाही.

माझ्या लेकीच्या दोन्ही कानांतून तो ठणठणीत येत होता. मला रडूच फुटलं, मला वाटलं सगळं ठीक आहे. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. “ताई, ही तपासणी शंखापर्यंतचीच आहे. पुढे नस आहे, मेंदू आहे. आणि कावीळ नेमकी तिथेच घाव घालते.”

म्हणून बेरा करायची ठरली. आवाजाचा निरोप नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो का, हे ती तपासणी पाहते. तिच्यासाठी बाळ गाढ झोपायला हवं. पहाटे चारपासून तिला जागं ठेवलं, प्रवासात आळीपाळीने खेळवलं, दवाखान्यात पोटभर पाजलं तेव्हा डोळा लागला. कपाळावर आणि कानांमागे त्वचा घासून इलेक्ट्रोड चिकटवले. पहिल्या दहा मिलिसेकंदांत नसेकडून मेंदूच्या बुंध्याकडे जाणाऱ्या लहरींचे उंचवटे दिसायला हवेत, त्यात पाचवा सगळ्यात महत्त्वाचा. ९० डेसिबललाही एकही आला नाही. फक्त सुरुवातीला एक थरथरती रेघ होती. मॅडमनी टकटकीची दिशा उलटी केली, तशी रेघही उलटी झाली. मग आवाज नेणारी नळी चिमटीत दाबली आणि रेघ सपाट झाली. म्हणजे ती यंत्राची गडबड नव्हती, तिच्या कॉक्लिआतून येत होती. केसपेशी आपलं काम चोख करत होत्या, पण पुढे निरोप एकसाथ पोचत नव्हता. ऑडिटरी न्यूरोपथी, त्या म्हणाल्या.

माझं म्हणणं एवढंच की डिस्चार्ज कार्डावर ‘ओएई पास’ लिहावं, ‘श्रवण नॉर्मल’ लिहू नये. पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची तपासणी बेराच्या पद्धतीने व्हावी, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २००७ मध्येच सांगून ठेवलंय. तुमचं बाळ काचेच्या पेटीत होतं, त्याचं रक्त बदलावं लागलं, तर ओएई पास झाली तरी बेरा मागून घ्या. तिथून निघण्याआधीच मागा.

काविळीतून आलेल्या या त्रासात काही बाळांची नस पुढच्या महिन्यांत सावरते, म्हणून इम्प्लांटची, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणयंत्राची, घाई केली नाही. थेरपी लगेच सुरू झाली. मी तिच्या तोंडासमोर बसून बोलते, हातवारे करते, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून गाते. सातव्या महिन्यातली बेरा पुन्हा कोरी आली.

दहाव्या महिन्यात उजव्या कानात, ७० डेसिबलला, पाचवा उंचवटा दिसला. उशिरा आलेला, पसरट. मॅडमनी खात्रीसाठी तीच तपासणी आणखी दोनदा केली. दोन्ही वेळा तो त्याच जागी होता. ही माझ्या मांडीवर झोपली होती, कपाळावर पेस्टचा पांढरा ठिपका घेऊन. पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.