वावरातला रास्पबेरी पाय: लाइन आल्यावर सगळं आपसूक सुरू व्हावं म्हणून

सध्याची मांडणी अशी: संत्र्याच्या बागेत, विहिरीजवळच्या पेटीत रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर), त्यावर डेबियन १२ ही लिनक्सची बुकवर्म आवृत्ती. सेन्सर आणि स्क्रिप्ट यांच्यात निरोप पोचवणारा मॉस्किटो ब्रोकर, ओलाव्याचे आकडे एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये टाकणारी पायथन स्क्रिप्ट आणि ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारी दुसरी स्क्रिप्ट. आतापर्यंत हे सगळं बूट होताना चालणाऱ्या आरसी-लोकल फाइलीत ‘स्लीप ६०’ (मिनिटभर थांब) टाकून चालत होतं. लाइन कधी रात्री येते, कधी दिवसा, मधेच डीपीवरचा फ्यूज उडतो, आणि वावरात कमांड मारायला कोणी बसलेलं नसतं. म्हणून या टप्प्यात सगळं सिस्टिमडीच्या युनिट फाइलींत हलवलं. सिस्टिमडी म्हणजे लिनक्समधले प्रोग्रॅम (सर्व्हिस) सुरू-बंद करणारा कारभारी, आणि युनिट फाइल म्हणजे एकेका सर्व्हिससाठी त्याला दिलेल्या सूचना.

पहिली अडचण ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ (कोसळली तर पुन्हा उठव) लिहूनही येते. ब्रोकर तयार नसला की स्क्रिप्ट लगेच बंद पडते, सिस्टिमडी १०० मिलिसेकंदांत ती पुन्हा उठवतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा असं झालं की नाद सोडतो. मग सर्व्हिस दिवसभर ‘फेल्ड’ पडून राहते. ‘रीस्टार्टसेक=१०’ (उठवण्याआधी १० सेकंद थांब) ठेवलं की ही मर्यादा गाठलीच जात नाही. सोबत ही मर्यादाच बंद करणारं ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=०’ही टाकलं, पण ते फाइलीच्या युनिट विभागात. सर्व्हिस विभागात टाकलं तर जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या लॉगमध्ये) अनोळखी की म्हणून एक ओळ येते आणि काम काहीच होत नाही. ही चूक बऱ्याच जणांच्या फाइलींत दिसते. ‘सिस्टिमडी-अनालाइझ व्हेरिफाय’ चालवलं की लगेच पकडता येते.

‘आफ्टर’ फक्त क्रम लावतं, दुसऱ्या सर्व्हिसला बोलावत नाही. त्यासाठी ‘वॉन्ट्स’ वेगळं लिहावं लागतं. शिवाय ‘टाइप=सिंपल’ असलेली सर्व्हिस प्रोसेस निघाली की ‘सुरू’ धरली जाते, आतलं काम तयार असो वा नसो. म्हणून जोडणीसाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं स्क्रिप्टमध्येही हवंच.

व्हॉल्व्हचा रिले बोर्ड (व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे स्विच) यूएसबीवर आहे. बूट झाल्यावर त्याचं नाव कधी टीटीवाययूएसबी०, कधी टीटीवाययूएसबी१. बोर्डावरच्या सीएच३४० या यूएसबी चिपला बहुधा वेगळा सीरियल नंबर नसतो, त्यामुळे युडेव्हचा (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या भागाचा) नियम पोर्टच्या जागेवरून लिहिला आणि ‘झडप’ नावाची सिमलिंक, म्हणजे कायमचं टोपणनाव, दिली. सर्व्हिसला त्या डिव्हाइसशी ‘बाइंड्सटू’ने बांधलं. केबल निघाली की सिस्टिमडी स्वतः सर्व्हिस थांबवतो, आणि स्वतः थांबवलेल्या सर्व्हिसला ‘रीस्टार्ट’ लागू होत नाही. केबल परत लावल्यावर ती उठावी म्हणून युडेव्हच्याच नियमात ‘सिस्टिमडी_वॉन्ट्स’ हवं. ‘एक्झेकस्टॉपपोस्ट’मध्ये सगळे रिले बंद करणारी कमांड आहे. स्क्रिप्ट कोसळली तरी ही कमांड चालते. पायचीच लाइन गेली तर मात्र नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे वीज नसली की आपोआप बंद होणाऱ्या, व्हॉल्व्हवरच भिस्त.

खरा वेळ खाल्ला घड्याळाने. पाय ४मध्ये आरटीसी, म्हणजे लाइन गेल्यावरही सेलवर चालणारं घड्याळ, नाही. लाइन आली, पण मोबाइलचं नेटवर्क आलं नाही, तर बूट शेवटच्या जपलेल्या वेळेपासून होतं आणि नोंदींवर जुनी वेळ पडते. ‘सिस्टिमडी-टाइम-वेट-सिंक’ लावून नेटवरून वेळ जुळेपर्यंत थांबता येतं, पण नेट आलंच नाही तर नोंदीच होत नाहीत. तो उपाय इथे निकामी. डीएस३२३१ या आरटीसी चिपचं मॉड्यूल लावा: पिन १ला ३.३ व्होल्ट, ३ आणि ५ डेटा आणि क्लॉक, ९ ग्राउंड. ५ व्होल्ट अजिबात देऊ नका. स्वस्त झेडएस-०४२ बोर्डावर सेल चार्ज करणारं सर्किट असतं आणि सीआर२०३२ रिचार्ज होणारा नाही, तो फुगतो. मे महिन्यात बंद पेटीत तर विचारूच नका. शिवाय मॉड्यूलवरच्या पुल-अप रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवर येतात, ते वेगळंच.

पायच्या कॉन्फिग फाइलीत ‘आयटूसी-आरटीसी, डीएस३२३१’चा ओव्हरले (हे हार्डवेअर जोडलंय असं सांगणारी ओळ) टाका, शेवटची वेळ जपून ठेवणारं फेक-एचडब्ल्यूक्लॉक पॅकेज काढा, आणि ‘एचडब्ल्यूक्लॉक-सेट’ स्क्रिप्टमधल्या, सिस्टिमडी दिसला की बाहेर पडणाऱ्या तीन ओळी कॉमेंट करा. जोडलेल्या चिप दाखवणाऱ्या ‘आयटूसीडिटेक्ट’ कमांडमध्ये ६८ या पत्त्याच्या जागी ‘यूयू’ दिसलं की ड्रायव्हरने चिप ताब्यात घेतली.

जर्नल रॅममध्ये ठेवा, एसडी कार्ड वाचेल, असा सल्ला सर्रास मिळतो. पटत नाही. लाइन गेली की नेमका हवा तो लॉग जातो. कार्डावरच ठेवून ‘सिस्टिममॅक्सयूज=५०एम’ (लॉगला जास्तीत जास्त ५० एमबी) पुरतं.

पॅकेजसोबत आलेल्या युनिट फाइलींना हात लावलेला नाही. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने ओव्हरराइड केलंय, म्हणजे अपडेटमध्ये बदल टिकतात. ‘एक्झेकस्टार्ट’ (सर्व्हिस सुरू करणारी कमांड) बदलायचं असेल तर आधी तीच ओळ रिकामी लिहावी लागते, नाहीतर दोन कमांड झाल्या म्हणून युनिट लोडच होत नाही. सेटिंगच्या फाइलींचं ईटीसी फोल्डर एटकीपरखाली गिटमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते.

बाकी काम: ‘रनटाइमवॉचडॉगसेक=१०’ टाकायचंय; पाय अडकला तर त्याला रीबूट करणारा हार्डवेअर वॉचडॉग साधारण १५ सेकंदांपलीकडे जात नाही. दर खेपेला थांबण्याचा वेळ वाढवणारं ‘रीस्टार्टस्टेप्स’ सिस्टिमडी २५४पासून आहे आणि बुकवर्ममध्ये २५२. त्यासाठी डेबियन १३वर जावं लागेल. ते आंबिया बहाराचं पाणी आटोपल्यावर.