आपला दिनू नव्हताच तो

एक फालतू गोष्ट डोक्यातून जात नाहीये. कुणाला सांगावी तर समोरचा म्हणणार, बरं मग? म्हणून इथे लिहिते.

ओंकार बाबांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेतोय. शोपँ या पोलिश संगीतकाराचा पहिला पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना) चालू होता, वाजवणारा बाबांचा लाडका रोमानियन पियानोवादक दिनू लिपाटी. ओंकारने गंमत म्हणून मोबाईलवर शझाम, ते गाणं ओळखणारं ॲप, लावलं आणि म्हणाला, आत्या, हा लिपाटी नाहीये गं, कोणीतरी हलिना चेर्नी-स्तेफान्स्का आहे. मी म्हटलं तुझं ॲप गंडलंय, वर बाबांच्या अक्षरात 'दिनू लिपाटी' लिहिलंय की. बाबांचं अक्षर म्हणजे आमच्याकडे सातबारा.

तर ॲप गंडलेलं नव्हतं. 1966 मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने ही एलपी लिपाटीच्या नावाने काढली, ऑर्केस्ट्रा कुठला नि कंडक्टर कोण याचा काही पत्ता नाही, तरी पंधरा वर्षं भलेभले जाणकार माना डोलावत ऐकत होते. 1981 मध्ये बीबीसीवर लागली आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे, हे तर सुप्राफोन या चेक कंपनीचं जुनंच रेकॉर्डिंग आहे, चेक फिलहार्मोनिक, कंडक्टर स्मेटाचेक, आणि पियानोवर ही बाई. बाई पण ऐरीगैरी नाही हं, 1949 च्या वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत पहिलं बक्षीस बेला डेव्हिडोविचला आणि हिला विभागून मिळालं होतं.

बाबांनी कॅम्पातल्या पारशी मित्राच्या एलपीवरून ती भरून आणलेली, 1981 च्या आधीच. त्यांना नंतर कळलं असेल का? हेच घोळतंय. कारण बाबा नुसतं ऐकायचे नाहीत, ते त्यात मरण ऐकायचे. लिपाटीला हॉजकिन्स, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, झालेला, 1950 च्या डिसेंबरात तेहतिसाव्या वर्षी गेला. त्याआधी सप्टेंबरात बेझांसोंला शेवटची मैफल, शोपँचे चौदा वॉल्ट्झ वाजवायचे होते, तेरा झाले आणि चौदावा होईना, हे बाबा असं सांगायचे की जणू हे पहिल्या रांगेत बसले होते. आणि मग कॅसेटवर रोमान्स लागला, म्हणजे कॉन्चेर्टोचा दुसरा भाग, दुसरी मूव्हमेंट, की हात वर करून आम्हाला गप्प करायचे. "ऐका, माणसाला कळलंय की आपण चाललोय." डोळ्यात पाणी.

कोण चाललं होतं? हलिना तर चांगली ठणठणीत, 2001 पर्यंत जगली!

मग ते पाणी कशाचं होतं? मी पण रडलेय त्या जागांवर, लहानपणी, बाबा रडतात म्हणून. आता ऐकते तर तिथे फक्त कुणीतरी अतिशय स्वच्छ, निवांत वाजवतंय, उजव्या हाताला अजिबात घाई नाही. मरणबिरण काही नाही. की आहे, आणि मला आता नाव कळल्यामुळे ऐकू येत नाहीये? रात्रभर हेच.

साठची कॅसेट, त्यामुळे रोमान्स संपता संपता साइड संपायची, शेवटचे सूर कापलेले. बाबा कॅसेट उलटी करता करता ते तोंडाने गुणगुणून पुरे करायचे, बेसूर. म्हणजे माझ्या डोक्यात या मूव्हमेंटचा शेवट बाबांच्याच आवाजात आहे, तो कुठल्या ॲपला सापडायचा नाही.

पियानोचा क्लास दादाला लावला होता, मला नाही. "बायकांच्या हातात वजन नसतं, पियानोला खांद्यातून ताकद लागते." जाऊ दे. त्या विषयावर लिहायला बसले तर आजचा स्वयंपाक राहील.

पण हे लिहिता लिहिता आत्ता एकदम हसायलाच आलं. ज्या हातांवर माणूस इतकी वर्षं जीव टाकत होता, 'आपला दिनू, आपला दिनू' करत होता, जसा काही तो सदाशिव पेठेतला कुणाचा तरी मुलगा, ते हात बाईचे. वजनासकट! माहीत असूनही बाबांनी लेबल बदललं नसेल तर मला तेही चालेल, उलट तसंच असावं असं वाटतंय.

खरा लिपाटीही ऐकला मग. झुरिक, फेब्रुवारी 1950, ऑटो आकरमान आणि टोनहाल ऑर्केस्ट्रा, मैफलीतलं रेकॉर्डिंग. आवाज खरखरीत, पण माणूस काय वाजवतो, वाद नाही. तरी मला हलिनाच जास्त आवडते. हे बाबांसमोर बोलले असते तर दोन दिवस अबोला.

दादाला फोन करून सांगितलं सगळं. त्याचं म्हणणं, "मला तेव्हाच शंका होती." खोटारडा. त्याला चोप्रा आणि शोपँ यातला फरक चौथीत कळला.