शंभर फील्ड पाहिल्याशिवाय

१९९४ साली दहावी होऊन मी आपल्या शाळेतून बाहेर पडले. पुढे शिकत शिकत मिरजेला डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका, केली आणि आता एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. माझा बराचसा दिवस बेडक्याच्या स्लाइडवर जातो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा विषय काहींना खटकेल. पण जीवशास्त्राच्या बाईंनी शिकवलेलं जे माझ्या हातात राहिलं, ते मला या कामातूनच सांगता येईल.

क्षयाचा जंतू फार तर तीन-चार मायक्रॉन लांब आणि बिनरंगाचा. त्याच्या भिंतीत मेणचट मायकोलिक आम्लं असतात, त्यामुळे साधा रंग आत शिरत नाही. खराट्याची हीर मोडून तिच्या टोकानं बेडक्यातला पिवळसर, घट्ट भाग उचलायचा. काचेवर तीन बाय दोन सेंटिमीटरचा पातळ थर द्यायचा, वाळवायचा आणि ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. मग वरून कार्बॉल फुक्सिन हा लाल रंग आणि खालून ज्योत. वाफ दिसली पाहिजे, पण उकळी येता कामा नये. पाच मिनिटांनी धुऊन २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल ओतलं की बाकी सगळ्यांचा रंग उतरतो, याचा उतरत नाही. शेवटी मिथिलीन ब्लू. ऑइल इमर्शनखाली, म्हणजे काचेवर तेलाचा थेंब ठेवून वापरायच्या भिंगाखाली, हजारपट मोठं करून पाहिलं की निळ्यावर बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या दिसतात. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये हा जंतू जाहीर केला आणि पाठोपाठ झील आणि नील्सन यांनी ही रीत बसवली. आमच्या टेबलावर ती अजून रोज चालते.

काड्या भरपूर असल्या तर काम लवकर उरकतं. दर फील्डला, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या गोल भागात, दहापेक्षा जास्त दिसत असल्या, तर वीस फील्ड पाहून थ्री प्लस लिहिता येतं. कस लागतो तो काहीच दिसत नाही तेव्हा. 'निगेटिव्ह' लिहायचं तर पुरी शंभर फील्ड पाहावी लागतात. शंभरांत एक ते नऊ काड्या सापडल्या तर 'स्कँटी', म्हणजे तुरळक, लिहून आकडा द्यायचा. मिलिलिटरमागे पाच-दहा हजार जंतू नसतील तर स्लाइडवर ते बहुधा हाती लागत नाहीत, म्हणून निगेटिव्ह म्हणजे क्षय नाहीच, असंही म्हणता येत नाही. निम्म्या वाटेवर डोळा सांगू लागतो की यात काही नाही. तिथे मला बाई आठवतात.

प्रयोगवहीत कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी वर्गातली बहुतेक मुलं पुस्तकात बघून काढायची, सगळ्या एका मापाच्या. बाई रागवायच्या नाहीत. सूक्ष्मदर्शकापाशी बोलवायच्या, आरसा खिडकीकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, "यातली कुठली पेशी काढलीस, ती मला दाखव बघू." दिसली नाही ती काढायची नाही, दिसली ती सोडायची नाही. एवढं एक शिकायला मला शाळेची सगळी वर्षं लागली असती तरी चाललं असतं.

ग्राम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून दोन गटांत ओळखायची रीत, शिकताना हेच पुन्हा भेटलं. हान्स ख्रिश्चन ग्राम हा डेन्मार्कचा डॉक्टर. न्यूमोनियानं दगावलेल्यांच्या फुप्फुसांतले जंतू तो बर्लिनमध्ये रंगवून पाहत होता. १८८४ साली आपली रीत छापताना ती सदोष आणि अपुरी आहे, हेही त्यानं स्वतःच लिहून ठेवलं. त्याबद्दल मला या माणसाचा फार आदर वाटतो. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल आणि मागाहून भर पडलेलं सॅफ्रानिन: जाड भिंतीचे जंतू जांभळे राहतात, पातळ भिंतीचे गुलाबी होतात. गळवाच्या पुवात स्टॅफिलोकोकाय दिसतात ते तासगावच्या द्राक्षांचा घड लागावा तसे. न्यूमोनियाचे न्यूमोकोकाय जोडीनं असतात. पण टायफॉइडचा जंतू आणि आपल्या आतड्यातला नेहमीचा ई. कोलाय, दोन्ही गुलाबी दांडकीच. ग्राम स्टेनवरून त्यांच्यात फरक करता येत नाही, त्यासाठी कल्चरच, म्हणजे जंतू वाढवून पाहणंच, हवं. रंग आणि आकार जेवढं सांगतात तेवढंच रिपोर्टात लिहायचं.

आता सीबीनॅट ही जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रावरची तपासणी दोनेक तासांत क्षयाचं निदान करते, रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध लागू पडेल का तेही सांगते. स्लाइडवर न सापडणारे रुग्ण त्यात सापडतात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र ती मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा पकडते. त्यामुळे उपचार चालू असलेल्या रुग्णाचा बेडका आजही स्लाइडवरच पाहतो.

आमच्या तुकडीनं वर्गणी काढून शाळेला ऑइल इमर्शनचं भिंग असलेला सूक्ष्मदर्शक दिला आहे. रोगाचे जंतू शाळेत आणायचे नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. दह्यावरच्या पाण्याचा थेंब काचेवर पसरून वाळवावा, ज्योतीवरून फिरवावा आणि मिनिटभर मिथिलीन ब्लू ठेवून धुवावा. दांडक्या आणि गोल जंतूंच्या माळा असे दोन्ही आकार बहुधा एकाच काचेवर मिळतात. रंगाच्या बाटल्या मी देईन आणि पहिल्या वेळी स्वतः येईन. नववीचा तास कुठल्या वारी असतो, तेवढं शाळेनं कळवावं.