स्क्रिप्ट संपेपर्यंत पासवर्ड कुठे कुठे उरतो

साडेतीनला बाजार बंद झाला की मुंबईत फोर्टपासून बीकेसीपर्यंतच्या बॅक ऑफिसांत स्क्रिप्टांची रांग लागते. फाइल उतरवायची, ताळा करायचा, अहवाल पाठवायचा. सर्व्हर एक, लॉगिन करणारे अनेक, आणि पासवर्डामागे खरी माणसं, त्यांचे पॅन आणि खातेक्रमांक. म्हणून यात हयगय नको.

पासवर्ड कमांडच्या ओळीत कधीच लिहू नका. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये पीएस (चालू प्रोसेसांची, म्हणजे चालू प्रोग्रामांची, यादी दाखवणारी कमांड) चालवणाऱ्या कुणालाही तो दिसतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोसेससोबत दिलेलं नाव आणि त्याचं मूल्य) त्या मानाने बरं, ते तोच युजर आणि रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, एवढ्यांनाच वाचता येतं. पण स्क्रिप्टने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोसेसकडे ते आपोआप जातं. बॅश या शेलमध्ये रीड कमांडला आर आणि एस (टाइप केलेलं न दाखवणारा) हे पर्याय देऊन पासवर्ड घ्या आणि बॅशच्या स्वतःच्या प्रिंटएफने पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला देऊन, कर्ल या फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रामकडे पाठवा. कर्लला के पर्यायापुढे नुसती आडवी रेघ दिली की तो सेटिंग पाइपमधून वाचतो. सेट एक्स (चालणारी प्रत्येक कमांड छापणारी सोय) मात्र आधी बंद करा, नाहीतर पासवर्ड थेट लॉगमध्ये उतरतो. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच.

पायथॉनचं दुखणं निराळं. तिथली स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची किंमत, बदलता येत नाही, म्हणून पुसताही येत नाही. डेल या आदेशाने फक्त नाव जातं. ती जागा दुसऱ्या कशासाठी वापरली जाईपर्यंत बाइट तिथेच असू शकतात. पासवर्ड विचारून घेणारं गेटपासही स्ट्रिंगच देतं. पासवर्ड फाइलमध्ये असेल तर ती बफरिंग शून्य ठेवून उघडा, रीडइन्टूने ठरावीक लांबीच्या बाइटअ‍ॅरेत (बदलता येणाऱ्या बाइटांच्या रांगेत) वाचा आणि फायनलीमध्ये, म्हणजे चूक झाली तरी चालणाऱ्या भागात, प्रत्येक बाइटवर शून्य लिहा. बाइटअ‍ॅरे वाढवत नेलात तर तो नव्या जागी हलू शकतो आणि जुनी प्रत मागे राहते. बाइटांचा मजकूर करायला डिकोड केलंत की नवी स्ट्रिंग तयार झालीच.

डेटाबेसच्या लायब्रऱ्यांना बहुधा स्ट्रिंगच लागते, तेव्हा ही सफाई अर्धीच राहते. माझ्या मते त्यावर उपाय एकच: लॉगिनचं काम वेगळ्या, छोट्या प्रोसेसमध्ये करा आणि ती लगेच संपवा. तिची मेमरी दुसऱ्या प्रोसेसला देण्याआधी लिनक्स ती शून्य करतं.

प्रोसेस कोसळली तर कोअर डंपमध्ये (तिच्या मेमरीच्या प्रतीत) सगळी मेमरी डिस्कवर जाऊ शकते, म्हणून युलिमिट सी, म्हणजे त्या डंपच्या आकाराची मर्यादा, शून्य ठेवा. डंप पाइपने दुसऱ्या प्रोग्रामकडे जात असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ही मर्यादा पाळत नाही. तिथे त्या प्रोग्रामची सेटिंग तपासा. स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) एन्क्रिप्ट करा. एमलॉक या सिस्टिम कॉलने मेमरीची पानं स्वॅपमध्ये जात नाहीत, पण हायबरनेट केलं तर तीही डिस्कवर लिहिली जातात.

मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल या शेलमधलं सिक्युअरस्ट्रिंग (पासवर्ड ठेवण्याचा प्रकार) विंडोजवर मेमरीत एन्क्रिप्ट होतं, लिनक्सवर होत नाही.