वावराचा गट क्रमांक आणि डिस्कचा यूयूआयडी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयात लिनक्स असलेला एक जुना संगणक आहे. त्याला यूएसबीने दोन डिस्क जोडलेल्या आहेत. एकीवर गावातील जुन्या कागदपत्रांचे स्कॅन आम्ही साठवतो आणि दुसरीवर दर रविवारी रात्री त्यांची प्रत आपोआप उतरते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी वीज गेली, परत आली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि ठरल्या वेळी आरसिंक (प्रत उतरवणारा प्रोग्राम) चालले; परंतु दोन्ही डिस्कच्या नावांची अदलाबदल झालेली असल्यामुळे आठवड्यापूर्वीची प्रतच मूळ डिस्कवर उतरली आणि ‘डिलीट’ पर्याय (स्रोतात नसलेल्या फाइली दुसरीकडून काढून टाकणारा) लावलेला असल्याने त्या आठवड्यातील सगळे नवीन स्कॅन पुसले गेले.

चूक मी लिहिलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये होती; कोणती डिस्क कोणत्या डिरेक्टरीला जोडायची, म्हणजे माउंट करायची, हे या फाइलमध्ये लिहिलेले असते. तीत डिस्कची नोंद ‘एसडीबी१’ आणि ‘एसडीसी१’ अशी होती. ही नावे कर्नल (लिनक्सचा गाभा) उपकरणे सापडतील त्या क्रमाने देतो, आणि दोन यूएसबी डिस्कपैकी कोणती आधी सापडेल याची कोणतीही हमी नसते. आमच्याकडे ‘नाल्यापलीकडचे दुसरे वावर’ एवढे सांगितले की गावातल्या माणसाला कळते, पण खरेदीखतात गट क्रमांकच लिहावा लागतो.

डिस्कच्या बाबतीत तो मान यूयूआयडीचा. फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची रचना) तयार होतानाच, म्हणजे फॉरमॅट करतानाच, हा १२८ बिटांचा क्रमांक तिच्यात लिहिला जातो, त्यामुळे डिस्क कोणत्याही पोर्टला लावली तरी तो बदलत नाही. ‘बीएलकेआयडी’ किंवा ‘एलएसबीएलके’ या आज्ञांनी तो पाहता येतो. (फॅट प्रकारच्या पेनड्राइव्हवर त्याच्या जागी ८ अंकांचा छोटा क्रमांक दिसतो.) लेबल, म्हणजे आपण डिस्कला दिलेले नाव, वाचायला सोपे असते, पण ‘बॅकअप’ हे एकच लेबल दोन डिस्कना देण्यापासून आपल्याला कोणी अडवत नाही. पार्टयूयूआयडी हा विभाजन तक्त्यातील (डिस्कच्या भागांच्या यादीतील) क्रमांक असल्याने फॉरमॅट केल्यानंतरही तोच राहतो. मला मात्र यूयूआयडीच योग्य वाटतो, कारण कोणी डिस्क फॉरमॅट केली असेल तर ती निमूटपणे माउंट होण्याऐवजी मला ते कळायला हवे. ‘डीडी’ या आज्ञेने डिस्कची हुबेहूब नक्कल केल्यास यूयूआयडीचीही नक्कल होते, अशा वेळी फाइल सिस्टीम एक्स्ट४ प्रकारची असेल तर ‘ट्यून२एफएस’ या आज्ञेने नकलेला नवा क्रमांक द्यावा.

एफएसटॅबमध्ये यूयूआयडी लिहिल्यावरही एक धोका उरतो. डिस्क जोडलेली नसेल तर सिस्टमडी (संगणक सुरू होताना सगळे जोडून चालू करणारा प्रोग्राम) सामान्यतः ९० सेकंद वाट पाहून आणीबाणीच्या स्थितीत जाते, आणि वाचनालयात तेव्हा ते हाताळणारे कोणी असेलच असे नाही. म्हणून मी ‘नोफेल’ हा पर्याय लावला. पण नोफेलमुळे मूळ डिस्क न लागताही संगणक सुरू होतो, आणि मग आरसिंकला तिच्या जागी रिकामी डिरेक्टरी दिसून ‘डिलीट’ पर्याय जपलेली प्रतसुद्धा पुसून टाकू शकतो. त्यामुळे आता आमची स्क्रिप्ट आरसिंकच्या आधी ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेने दोन्ही डिस्क खरोखर माउंट झाल्या आहेत का हे तपासते, आणि एक जरी नसली तरी काही न करता थांबते.