तुम्ही विचारलंत म्हणून: वाळूत तिचा जीव गुदमरत नाही का?

कच्छच्या वाळूत राहणाऱ्या सापसुरळीचे फोटो दाखवले की बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळींचा प्रश्न ठरलेला: "अगं, ही वाळूच्या आत राहते म्हणतेस, मग श्वास कुठून घेते?" एका काकूंनी तर तिला कल्लेच बहाल केले होते.

कल्ले नाहीत, फुफ्फुसंच आहेत. कोरडी, भुसभुशीत वाळू दिसते तेवढी गच्च नसते; साधारण ४० टक्के जागा दाण्यांमधल्या हवेची असते. हवा आहे, पण ती ओढताना दाणे आत गेले तर?

हे कोडं उलगडलं ते तिच्या सहारातल्या चुलतबहिणीवर, 'वाळूतला मासा' म्हणतात तिच्यावर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती हवा सावकाश आत घेते. नाकातली वाट पुढे रुंदावते, तिथे हवेचा वेग मंदावतो आणि चुकून आलेला दाणा शेंबडात रुतून बसतो. मग उच्छ्वास एकदम जोरात, शिंकल्यासारखा! तपासलेल्या प्राण्यांच्या पोटात वाळू सापडली, फुफ्फुसांत नाही. वेगळं यंत्र नाही की गाळणी नाही. सगळं काम नाकाच्या घडणीवर आणि श्वासाच्या लयीवर भागतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तिचं पोहणं अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी क्ष-किरणांखाली पाहिलं, २००९ साली. वाळूत शिरली की ती पाय अंगाशी मिटून घेते आणि नागमोडी वळत पुढे सरकते.

आपली कच्छची तर पाय जवळजवळ सोडूनच बसली आहे. उरलेत ते काडीएवढे, तीन-तीन बोटांचे. अंग वीतभर, फिकट आणि गुळगुळीत. तोंड पाचरीच्या आकाराचं. खालचा जबडा वरच्याच्या आत बसतो, त्यामुळे वाळू कापत जाताना तोंड उघडं पडत नाही. सकाळी टेकाडावर तिची वळणावळणाची रेघ दिसते. रेघ संपली तिथे उत्साही मंडळी उकरायला बसतात. बाई बहुधा केव्हाच पुढे गेलेल्या असतात.

आणि हो, विषारी नाही. इथल्या कमाटीबागेत पाचोळ्यातून सळसळत जाते ती आपली नेहमीची सापसुरळीही विषारी नाही. झाडू घेऊन धावणाऱ्यांना हे मी दर पावसाळ्यात सांगते.