शेवट ठाऊक असतोच

वाचनालयातून परतताना पिशवीतलं पुस्तक कुणाला दिसलं की प्रश्न ठरलेला. "पोस्टमास्तर, या जुन्या काळातल्या प्रेमाच्या कादंबऱ्या. शेवट पहिल्या पानापासून माहीत. मग वाचता कशाला?" विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच पेन्शनवाले. त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक असतो, "आणि या वयात?" त्याचं उत्तर मी देत नाही. पहिल्याचं आज सविस्तर देतो, तुम्ही विचारलंत म्हणून.

मी वेंगुर्ल्याचा. भातं कापून झाली की आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतार रंगतो. संकासुर राक्षस मरणार हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक. तरी माणसं कांबळी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. नटांच्या हातात लिहिलेलं नाटक नसतं. आज हा राजा त्या राणीला कोणत्या शब्दांत वनात धाडणार, हे त्यालाही आयत्या वेळीच कळतं. शेवट म्हायत हा म्हणून जत्रेतून उठून गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पेशव्यांवरच्या कादंबऱ्यांचं तरी काय वेगळं? १७७२ साली थेऊरला माधवराव देह ठेवणार आणि रमाबाई सती जाणार. आमच्या हिने हे माहीत असूनच तीनदा वाचलं, तिन्ही वेळा पदर डोळ्यांना. फरक एवढाच की आपल्याकडे रडण्याची हमी असते आणि इंग्रजी पुस्तकांत लग्नाची.

त्या इंग्रजी पुस्तकांचा लाडका काळ म्हणजे १८११ ते १८२०. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला आणि युवराज कारभार पाहू लागला, ती नऊ वर्षं. लंडनमधले नाच, ड्यूक, घोडागाड्या. वाचताना मला उगाच आठवतं, की त्याच काळात, १८१२ मध्ये, सावंतवाडीच्या राणीने आमचं वेंगुर्ला इंग्रजांना देऊन टाकलं. ड्यूकचा खर्च कुठून चालतो हे त्या पुस्तकांत सहसा नसतं. ही तक्रार करून मी पुढचं पान उलटतो, हेही कबूल करतो.

माझी सगळी नोकरी टपालात गेली, तेव्हा मतही टपालाचंच. शेवट ठरलेला असेना, अडचण खरी हवी, आणि ती त्या काळाची हवी. आता हे बघा. १८४० पर्यंत इंग्लंडात पत्राचे पैसे बहुधा ज्याला पत्र येई त्यानेच द्यायचे. दर लागे अंतरावर आणि किती कागद आहेत त्यावर. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणजे दुप्पट हशील. म्हणून लोक पत्राचाच कागद दुमडून त्यावर लाख लावत. जागा संपली की कागद आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच पुन्हा लिहीत. मग अठरा वर्षांच्या मुलीला चोरून पत्र आलं तर दारात पैसे कोण मोजणार? बाप! प्रत्येक प्रेमपत्र बापाच्या खिशातून घरात शिरणार. केवढी सुंदर अडचण, आणि लेखकाला ती फुकट मिळालेली. तरीही एका जाडजूड कादंबरीत नायिका रोज सकाळी गुलाबी पाकीट फोडते आणि घरात कुणी हूं की चूं करत नाही. मी पुस्तक तिथेच मिटलं.

ड्यूकचं मात्र बरं होतं. लॉर्डांना सही करून पत्र फुकट धाडायची सवलत होती. १८४० मध्ये तीही गेली. त्याआधी ड्यूकवर प्रेम करणं निदान टपालखर्चाला परवडण्यासारखं होतं.

भाची हसते. "मामा, पाकिटासाठी कुणी पुस्तक सोडतं का?" ती पुण्याला असते, फोनवर वाचते, आठवड्याला दोन. तिची कसोटी निराळी. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या जाड अमेरिकन कादंबऱ्यांत नायक जबरदस्ती करतो आणि तिलाच प्रेम म्हणतो. मी दिलेली तसली दोन पुस्तकं तिने अर्ध्यावरून परत केली. "हा नायक नाही, आरोपी आहे." मी तेव्हा काळाचा मुद्दा काढला, त्या जमान्यात असंच चालायचं वगैरे. ती म्हणाली, "काळ १८१५ चा आहे मामा, पण पुस्तक १९७५ चं आहे. लेखिकेने कुणासाठी लिहिलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

अडचण खरी असली म्हणजे काय होतं, त्याचं उदाहरण ग्रेटना ग्रीनचं. १७५४ पासून इंग्लंडात एकवीस वर्षांखालच्या मुलामुलींना आईबापांच्या संमतीशिवाय लग्न करणं अवघड झालं. स्कॉटलंडात तो कायदा नव्हता. म्हणून सरहद्द ओलांडल्यावर लागणारं हे गाव पळून आलेल्या जोडप्यांचं झालं, आणि लोहाराच्या ऐरणीपुढे लग्नं लागू लागली. मागून बापाची गाडी, पुढे दमलेले घोडे, आणि मध्ये एक कायदा. त्यापुढे "तिने त्याला चुलत बहिणीशी बोलताना पाहिलं आणि गैरसमज झाला" हे फारच केविलवाणं वाटतं. एका कार्डाने मिटणाऱ्या गैरसमजावर चारशे पानं कशी काढतात? म्हणून मला लघुकादंबरी आवडते. शंभर पानांत गैरसमज पोसायला सवडच नसते.

चुका मराठीतही असतात. एका पुस्तकात नायक आषाढात मचव्यातून विजयदुर्गाला प्रेयसीला भेटायला येतो. आमच्या शेजारचे तांडेलकाका, आयुष्य शिडाखाली गेलेले, त्यांना मी तो उतारा वाचून दाखवला. ते म्हणाले, "नारळीपुनवेच्या आधी दर्यात होडी घालणारो प्रेमात नाय पडूक, खुळो झालो." त्या लेखकाने आषाढ नीट पाहिला असता तर कथाच मिळाली असती. पावसाळ्यात बंदरं बंद, आगबोट बंद, घाट चिखलात. चार महिने निरोप नाही. याहून मोठा खलनायक कोणता हवा?

रत्नागिरीला बदली झाली तेव्हा खऱ्या गोष्टीच्या शेजारीच राहिलो. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ मध्ये तिथे कैदेत आला आणि १९१६ मध्ये तिथेच गेला. त्याचा राजवाडा १९१० चा, अजून उभा आहे. त्याच्या थोरल्या राजकन्येचं मन घरच्या दारवानावर, गोपाळ सावंतांवर, जडलं. मुलगी झाली. राजघराणं हादरलं. पुढे राजाचं कुटुंब मायदेशी गेलं. ही राजकन्या मात्र लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये तिथेच वारली. लेक टूटू मराठी बोलत, गरिबीत, २००० सालापर्यंत रत्नागिरीत जगली.

मी ही हकीगत मोठ्या रंगात हिला सांगितली. राजकन्या, दारवान, समुद्र, परकं राज्य, अडचणी सगळ्या अस्सल. ही तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सावंतांचं आधी लग्न झालेलं होतं ना हो? मग त्या बायकोचं काय झालं?"

इतक्या वर्षांत इतक्या लोकांना मी ही गोष्ट सांगितली, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. तेव्हापासून कुठलीही प्रेमकादंबरी हातात घेतली की घरात मागे कोण राहिलं ते मी आधी शोधतो.

मागे राहिलेल्या बायका मी पोस्टमन असताना रोज पाहिल्या आहेत. नवरा मुंबईला गिरणीत, बायको इथे सासू, गुरं आणि भातशेती सांभाळणारी. महिन्याची मनिऑर्डर. त्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, दोन-तीन ओळी मावतील एवढं. चिठ्ठी म्हणून काय ते तेवढंच, आणि तेही वाचून दाखवणार पोस्टमन, ओटीवर, सासूसमोर. त्यात कोण काय लिहिणार? एका काकींना दर महिन्याला तेच यायचं: "पैसे पाठवले आहेत. मी बरा आहे. पाऊस कसा आहे ते कळवणे." मे महिन्यातसुद्धा पाऊस.

अंगठा उठवून, पैसे मोजून झाले की मी कुपन वाचायला घ्यायचो. काकी पदराला हात पुसत म्हणायच्या, "काय लिवल्यान असतला ता माका म्हायत आसा." आणि खांबाला टेकून बसायच्या. "वाच."